वाढीव तास

दादाच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाच्या क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी बातम्या लागलेल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. युक्रेनच्या युद्धाचे दुसरे वर्ष चालू होते. पडद्यावर चिखलाने बरबटलेले सैनिक तोफेत गोळा सरकवत होते, आणि 155 मिलिमीटरच्या गोळ्यांची मागणी युरोपातल्या कारखान्यांना पुरी करता येत नाही, साठे रिते होत चालले आहेत, असे निवेदिका सांगत होती. दादाने कप खाली ठेवला, रिमोट शोधून आवाज वाढवला आणि ती एवढी बातमी शेवटपर्यंत ऐकली. मग वहिनीकडे पाहून म्हणाला, “चला, दोन-तीन वर्षं तरी आता वर्कलोडचं टेन्शन नाही.” वहिनीने मान डोलावली. “मग प्लॉटवरच्या वरच्या खोलीचं काम काढूया,” असे म्हणून ती कुकर पाहायला आत गेली. पुढची बातमी कांद्याच्या भावाची होती, तीही कोणी ऐकली नाही. मी त्या वेळी काही बोलले नाही, कारण त्या वाक्यात मला काही वावगे जाणवलेच नाही. ते जाणवले रात्री अंथरुणावर पडल्यावर, आणि मग ते मनातून जाईना. दादा हा मनुष्य असा की वसाहतीतल्या भटक्या कुत्र्यांच्या औषधपाण्याचा खर्च तो कित्येक वर्षे स्वतःच्या खिशातून करतो. कोणाचे वाईट चिंतणे त्याच्या स्वभावात नाही. त्याला दिसला तो गोळा होता. तो जिथे जाऊन पडतो ते ठिकाण त्याच्या हिशेबात कधी नव्हतेच, आणि वहिनीच्या हिशेबात तर त्या गोळ्याची सळई, सिमेंट आणि वाळू झालेली होती.

महाराष्ट्रात आयुध निर्माण्या, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रे आणि दारूगोळा बनवणारे सरकारी कारखाने, दहा आहेत. खडकीला दोन, अंबरनाथला दोन, शिवाय देहूरोड, भुसावळ, वरणगाव, आंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीची चांदा. त्यांतल्या एकीच्या वसाहतीत माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. कोणत्या, ते सांगत नाही. एक तर पुढे जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने दहाही ठिकाणी लागू पडते, आणि दुसरे म्हणजे दादाला अजून नोकरी करायची आहे. वसाहतीला सगळे इस्टेट म्हणत. आत शिरल्याबरोबर हवा बदलायची; दोन्ही बाजूंना जुनी कडुलिंबाची आणि रेनट्रीची झाडे, चुन्याने रंगवलेले रस्त्याचे कठडे, टाइप वन आणि टाइप टू क्वार्टरांच्या एकसारख्या रांगा, दवाखाना, शाळा, सिनेमा दाखवण्याचे मैदान. बाहेरच्या गावात दिवसाआड पाणी येत असे तेव्हा इस्टेटीत बागांना पाइप लावलेले असत. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा एक लोंढा गेटकडे वाहत जाई, आणि सुटीच्या भोंग्याला तोच उलटा येई. त्या भोंग्यावर आजूबाजूच्या गावांची घड्याळे लागत, दुधाचे रतीब ठरत, म्हाताऱ्या माणसांची औषधे घेतली जात.

पण गावाची खरी नाडी होती ती वेगळीच. बाहेरच्या बाजारपेठेत किराणावाला, सोनार, कापडवाला, सगळे मामांना भेटल्यावर तब्येतीच्या चौकशीनंतर एकच प्रश्न विचारत, “मामा, तास किती चालू आहेत?” कारखान्याचा मूळ आठवडा पावणेपंचेचाळीस तासांचा. काम वाढले की 54 तास लागत, आणखी वाढले की 60. 48 तासांच्या पुढच्या तासांना दुप्पट दर. त्यामुळे 54 तास लागल्याची बातमी गेटवरच्या नोटीस बोर्डावरून बाजारात पोचायला दुपारही लागत नसे, आणि महिन्याभरात तिचे परिणाम दिसत. नव्या मोटारसायकलींना हार घातलेले दिसत, मुलांच्या शिकवण्या लागत, भिशीची रक्कम वाढे, रखडलेली लग्ने ठरत. तास बंद झाले की उधारीच्या वह्या जाड होत. आमची एक शेजारीण नवऱ्याच्या पगाराचा उल्लेख दोन भागांत करी, एक ‘घर चालवायचा’ आणि दुसरा ‘माणसात राहायचा’. दुसरा म्हणजे ओव्हरटाइमचा. देशाच्या संरक्षणाची गरज वाढली की कमी झाली, हे त्या बाजाराला वर्तमानपत्र न वाचता कळत होते.

मामा स्वतः डेंजर बिल्डिंगमध्ये होते. डीबीडब्ल्यू हे त्यांच्या हुद्द्याचे लघुरूप, म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर, आणि ते आम्हां मुलांना फार पराक्रमाचे वाटत असे. प्रत्यक्षात त्या इमारती बैठ्या, एकमेकींपासून लांब आणि चहूबाजूंनी मातीच्या उंच बांधांनी वेढलेल्या असतात, एक उडाली तर शेजारची वाचावी म्हणून. आत जाताना काडेपेटी, किल्ल्या, घड्याळ सगळे बाहेर. अंगात सुती कपडे, पायांत खिळे नसलेले बूट, हातात पितळेची नाहीतर लाकडाची अवजारे, आणि दाराशी बसवलेली तांब्याची पट्टी; तिला हात लावून अंगातली वीज जमिनीत उतरवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. मामांना त्याची इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा देवघरात शिरताना त्यांचा तळवा चौकटीला एकदा टेकत असे. त्यांचे हात हळदीच्या समारंभातून नुकतेच उठून आल्यासारखे कायम पिवळे असत. भरतकाम करणाऱ्या सेक्शनमध्ये ज्या पुडीशी त्यांचा संबंध येई तिचा तो रंग होता, साबणाने न जाणारा. इथे भरतकाम म्हणजे दोऱ्याचे नव्हे, गोळ्यात दारू भरण्याचे. निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी तो उतरला.

संरक्षण खर्चाविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर असते ते विमान, पाणबुडी, रणगाडा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला 6,81,210 कोटी रुपये मिळाले. त्यांतले नव्या शस्त्रसामग्रीसाठी आणि इतर भांडवली कामांसाठी होते 1,80,000 कोटी. केवळ निवृत्तिवेतनासाठी होते सुमारे 1,60,800 कोटी. बाकीचा मोठा हिस्सा पगार, देखभाल, दारूगोळा, इंधन, रसद यांचा. म्हणजे ज्याला आपण सामर्थ्य म्हणतो त्यावरचा खर्च आणि ज्यावर लाखो घरांतली चूल पेटते तो खर्च यांत आता फारसे अंतर राहिलेले नाही. या आकड्यांवर संसदेत जी चर्चा होते ती ऐकली तर दोनच सूर लागतात, निधी अपुरा आहे हा एक आणि तो विक्रमी आहे हा दुसरा. हा पैसा कोणकोणत्या गावांच्या बाजारपेठा चालवतो, हे तिथे बोलायचे नसते. सभागृहाबाहेर मात्र खासदारांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळांचे निवेदन त्याच एका वाक्याने सुरू होते, की आमच्या कारखान्याला पुरेसे काम मिळावे. पक्ष कोणताही असो, खासदार ते निवेदन घेतो, फोटो काढतो आणि दिल्लीला पत्र लिहितो. त्या वस्तूची सैन्याला गरज आहे काय, असा उलट प्रश्न शिष्टमंडळाला विचारणारा लोकप्रतिनिधी मी अजून पाहिलेला नाही, आणि पाहिलाच तर तो पुढच्या निवडणुकीत पडलेला पाहीन.

अपव्यय या शब्दाचे चित्र मात्र आपल्या मनात पक्के असते. सरकारी कारखाना, रिकामे बसलेले कामगार, झाडाखाली रंगलेले पत्ते. ते चित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते मी पाहिलेले आहे. एका उन्हाळ्यात मामांच्या सेक्शनला काम नव्हते. बाहेरून यायचे रिकामे कवच आले नव्हते, आणि कवच आल्याशिवाय भरणार काय? मग कामगारांनी बांधांवरचे गवत कापले, कठड्यांना चुना लावला, अवजारांना तेल दिले, आणि ते सगळे संपल्यावर खरोखरच पत्ते मांडले. मार्च जवळ आला तशी कवचे आली, एकदम ढिगाने, आणि जे वर्षभरात व्हायचे ते दोन महिन्यांत उरकण्यासाठी 60 तास लागले, रविवार गेले, रात्रपाळ्या सुरू झाल्या. मामा त्या दिवसांत घरी येत ते डोळे तांबारलेले घेऊन. स्फोटकाचे काम डुलकी लागलेल्या माणसाने करायचे नसते, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. एकदा मी विचारले, “मामा, उन्हाळ्यात नव्हतं ना काम, मग आता एवढं कुठून आलं?” ते म्हणाले, “काम होतंच गं. कागद आला नव्हता.”

त्या एका उत्तरात जेवढे अर्थशास्त्र होते तेवढे मला पुढे अहवाल वाचूनही फार वेगळे मिळाले नाही. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणे हा आर्थिक औचित्याचा भंग आहे, असे सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तरी मार्च हा मार्चच राहतो, कारण न खर्चलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी तेवढ्याने कात्री लागते. कारखान्याचे मोठे खर्च स्थिर असतात. इमारती, यंत्रे, पगार, इस्टेटीची झाडेसुद्धा. मागणी अर्धी झाली तरी ते अर्धे होत नाहीत, ते उरलेल्या गोळ्यांवर चढतात. आयुध निर्माण्यांना वर्षानुवर्षे स्पर्धेविना काम मिळत असे आणि झालेला खर्च किमतीत धरला जाई, म्हणून गोळा महाग होई. महाग झाला की सैन्य तक्रार करी आणि कमी मागवी. कमी मागवला की तो आणखी महाग होई. या चक्रात पत्ते खेळणारा कामगार दिसतो, कारण तो झाडाखाली बसलेला असतो. टेबलावरची फाइल निर्णयाविना पडून राहण्याचा जो खर्च आहे तो कोणत्याच झाडाखाली बसत नाही.

आणि गंमत अशी की सगळा जमाखर्च मांडला तर अपव्यय आणि टंचाई हातात हात घालून उभे दिसतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा 2017 चा अहवाल आठवतो. सैन्याच्या दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा घनघोर युद्धाचे जेमतेम 10 दिवस पुरेल इतकाच होता, आणि नियमाप्रमाणे तो 40 दिवसांचा हवा होता. म्हणजे एकीकडे सेक्शन रिकामे आणि दुसरीकडे भांडारेही रिकामी. पुढे 2020 मध्ये सैन्याच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या. मुदतीआधीच निकामी ठरलेल्या दारूगोळ्यामुळे सुमारे 960 कोटी रुपयांचे नुकसान झाले आणि तेवढ्या पैशांत 100 मध्यम तोफा आल्या असत्या, असे त्यात म्हटले होते. आयुध निर्माणी मंडळाने हा ठपका मान्य केला नाही. बहुतेक अपघातांची कारणे साठवण, हाताळणी आणि तोफांची देखभाल यांत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मी ती बातमी मामांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “गोळा तोफेत फुटला तर पलीकडे आपलंच पोरगं असतं.” त्यांनी बचाव केला नाही. तपासणीचा शिक्का मारणारे खाते वेगळे, भरणारे वेगळे, साठवणारे वेगळे आणि उडवणारे वेगळे; दोष या चौघांमध्ये इतका बारीक वाटला जातो की शेवटी कोणाच्याच वाट्याला येत नाही. 

नाशिकजवळच्या ओझरची गोष्ट याहून मोठ्या प्रमाणावरची आहे. 1964 मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग उभा राहिला आणि त्याच्याभोवती एक अख्खी वसाहत, शाळा आणि सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांची साखळी वाढली. मिग गेले, सुखोई आले. 222 सुखोई तिथे बांधले गेले. मागणी संपत आली तशी कामगार संघटनांची, पुरवठादारांची आणि लोकप्रतिनिधींची एकच विनवणी सुरू झाली, आणखी विमाने द्या. मध्ये काही वर्षे दुरुस्ती आणि देखभालीवर गेली. डिसेंबर 2024 मध्ये 12 सुखोईंचा सुमारे 13,500 कोटींचा करार झाला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या नव्या उत्पादन साखळीतून पहिले तेजस मार्क 1ए उडाले, तेव्हा विमाने आहेत पण अमेरिकेहून यायची इंजिने उशिरा येत आहेत, असे वेगळेच दुखणे होते. हवाई दलाला लढाऊ विमाने कमी पडत आहेत याविषयी वाद नाही, त्यामुळे ती मागणी अवाजवी होती असे मी म्हणत नाही. पण ती गरज आणि नाशिकची गरज या दोन गोष्टी योगायोगाने एका दिशेला होत्या. ज्या दिवशी त्या विरुद्ध दिशांना जातील त्या दिवशी काय होईल, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. 2012 मध्ये तिथले सेनाप्रमुख रे ओडिएर्नो यांनी तिथल्या संसदेसमोर सांगितले की अब्राम्स रणगाडे पुरेसे आहेत, ओहायोतल्या लायमाच्या कारखान्याचे काम काही वर्षे थांबवले तर चालेल. लोकप्रतिनिधींनी तरी पैसे मंजूर केले. ज्याच्यासाठी रणगाडा बांधायचा तो नको म्हणतो आणि ज्या गावात बांधायचा ते गाव हवा म्हणते, यात जिंकले गाव.

मी लायमाच्या बाजूने आहे की ओडिएर्नो यांच्या, हे ठरवताना माझी पंचाईत होते, कारण 54 तास लागल्यावर घेतलेल्या सायकलीवर मी चालवायला शिकले आहे.

सगळीच काटकसर चुकीची होती असेही नाही. सैन्याच्या गोशाळा, म्हणजे मिलिटरी फार्म, 1889 मध्ये इंग्रजांनी अलाहाबादेत सुरू केल्या, गोऱ्या पलटणींना ताजे दूध मिळावे म्हणून. आणि त्या बंद झाल्या 31 मार्च 2021 रोजी. देशात सहकारी दुधाचा महापूर येऊन कित्येक दशके लोटली होती, तरी सैन्य स्वतःच्या गायी पाळत होते. त्या बंद केल्या हे योग्यच झाले. 2017 मध्ये गणवेश, बूट, तंबू यांच्यासह अडीचशेहून अधिक वस्तू ‘नॉन-कोअर’ ठरल्या आणि सैन्याला त्या खुल्या बाजारातून घेण्याची मुभा मिळाली, तेव्हाही तत्त्व म्हणून विरोध करण्यासारखे मला काही दिसले नव्हते. शर्ट शिवायला गुप्ततेची गरज नसते. पण ज्या निर्माण्यांत शिलाई चालत होती तिथल्या बायकांचे, त्यांतल्या कित्येक अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या विधवा, काय करायचे, याचा विचार त्या निर्णयाच्या कागदात नव्हता. मला खटकते ते इथे. रोजगार हे शस्त्र विकत घेण्याचे कारण असू नये, हे मी मान्य करते. मग तो जिथे खरोखर कारण असतो तिथे तो कागदावर का येत नाही? तो आला तर त्याची किंमत करता येईल, त्या पैशात त्याच गावात दुसरे काय उभे राहिले असते हे विचारता येईल. 2020 मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत याच निर्माण्यांनी मास्क, सॅनिटायझर आणि डॉक्टरांसाठी अंगभर पोशाख बनवून दिले. मागणी आली, कागद आला आणि काम झाले. पण साथ ओसरली आणि तो विषयही ओसरला. 

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ संपले. 41 कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, सुमारे 70 हजार कर्मचारी त्यांच्याकडे प्रतिनियुक्तीवर गेले. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्याला आणि सुट्या भागांच्या ‘यंत्र इंडिया’चे नागपूरला आले. विजय केळकर समितीने 2005 मध्येच असे काही सुचवले होते. संघटनांनी विरोध केला, ऑगस्ट 2019 मध्ये महिनाभराचा संप पुकारला आणि तो आठवड्याच्या आत स्थगित झाला; 2021 मध्ये पुन्हा संपाची भाषा झाली तेव्हा अत्यावश्यक संरक्षण सेवांमध्ये संपाला बंदी घालणारा अध्यादेश आणि मग कायदा आला. त्या दिवसांत गेटवरच्या सभांना मी दोनदा-तीनदा उभी राहिले. भाषणांत देशाची सुरक्षा होती, खासगीकरणाचा धोका होता, 1965 होते, 1971 होते, कारगिल होते. ज्यासाठी माणसे उन्हात उभी होती ते मात्र कोणी माइकवर बोलले नाही, की आमच्या पोरांना इथे नोकरी लागेल का. मला त्यांचा राग आला नाही. हा प्रश्न देशभक्तीच्या भाषेतच विचारावा लागतो, हे त्यांना सरकारकडूनच शिकायला मिळाले होते.

त्यानंतर काम वाढले, हे खरे आहे. देशाची संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपयांची होती, ती 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली, आणि दारूगोळ्याला त्यात मानाचे स्थान आहे. इस्टेटीत याचा आनंद आहे आणि तो मला समजतो. पण पूर्वी एक पांघरूण होते, की जे बनते ते आपल्या जवानासाठी. आता खोक्यावर कोणत्या देशाचे नाव आहे हे भरणाऱ्याला ठाऊक नसते. इस्राएलला शस्त्रास्त्रे पाठवण्याचे परवाने रद्द करावेत, अशी याचिका सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली. हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे, न्यायालयाचा नाही, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मग तो प्रश्न कोणाचा? मंत्रालय म्हणते कंपनीचा व्यवहार, कंपनी म्हणते शासनाची परवानगी, आणि दादा म्हणतो, “आपण फक्त भरतो.” दादाला मी यावर छेडले तेव्हा तो चिडला नाही. “तू बँकेत आहेस ना,” तो म्हणाला, “कर्ज घेऊन माणूस काय करतो ते तू विचारतेस का?” विचारतो, फॉर्ममध्ये तसा एक रकाना असतो, एवढेच मी म्हणू शकले. त्या रकान्यात लोक काय लिहितात ते आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

शिवाय या गावाने फुकट खाल्लेले नाही. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि किमान आठ कामगार गेले. टीव्हीवर ढिगारा दिसत होता तेव्हा दहाही वसाहतींत फोन सुरू झाले असतील. आमच्याकडे तरी झाले, कारण एकमेकांच्या इस्टेटींत सोयरिकी असतात आणि बदल्या झालेली माणसे असतात. मामा खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले, परत आले, बसले. त्यांच्या नोकरीच्या काळात त्यांच्या ओळखीची माणसे गेली होती, त्यांची नावे त्या दिवशी त्यांनी घेतली, एकेक करून, प्रत्येकाच्या सेक्शनसह. संरक्षण खर्चाच्या तक्त्यात ही रक्कम कुठेच दिसत नाही. ज्यांना हे कारखाने म्हणजे सरकारी जावई पोसण्याची सोय वाटते, त्यांनी एकदा त्या तांब्याच्या पट्टीला हात लावून आत जाऊन यावे, असे मला फार वाटते. आणि ज्यांना हे कारखाने म्हणजे राष्ट्राची ढाल वाटते, त्यांनी तिथे आता कोणत्या अटींवर माणसे घेतली जातात ते वाचावे.

कारण ती जाहिरात मी नुकतीच वाचली. दादाचा मुलगा एओसीपी या ट्रेडमध्ये शिकाऊ उमेदवारी करून बाहेर पडला आहे. रासायनिक संयंत्र चालवण्याचे ते प्रशिक्षण. डेंजर बिल्डिंगमध्ये ज्या कामाला त्याचे आजोबा कायम नोकर म्हणून लागले, सेवाभर राहिले आणि ज्याचे निवृत्तिवेतन आज घेतात, तेच काम आता मुदतीच्या करारावर आहे. एक वर्षाचे, पुढे कामाचा भार आणि कामगिरी पाहून वाढवता येईल असे. तोच बांध, तीच पट्टी, तीच पूड. ऑर्डर आली की माणसे घ्यायची, ओसरली की कमी करायची. मामांच्या उन्हाळ्यात कारखान्याने झेललेला रिकामा वेळ आता त्या मुलाने स्वतःच्या घरी बसून झेलायचा. हिशेबाच्या भाषेत यालाच अपव्यय कमी करणे म्हणतात, आणि ताळेबंदात तो कमी झालेला दिसेलही.

अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला होता, कागदपत्रांच्या प्रती साक्षांकित करून कुठे मिळतील ते विचारायला. “आत्या, भरू ना?” त्याने विचारले. मामा पलीकडे बसले होते. त्यांनी भरू नको म्हटले नाही आणि भर असेही म्हटले नाही, फक्त मुदत किती आहे ते पुन्हा एकदा वाचायला लावले. संरक्षण खर्चाची काटेकोर तपासणी व्हायला हवी, परदेशी युद्धांवर आपल्या गावांचे संसार उभे राहू नयेत, असे मी गेली काही वर्षे मनाशी म्हणत आले आहे आणि इथेही तेच लिहिले आहे. त्याला मात्र मी भर म्हणून सांगितले, स्वतःकडून प्रती काढून दिल्या आणि रेल्वेचाही फॉर्म निघालाय तो सोडू नको, एवढे बजावले. मुदतीला अजून आठ दिवस होते. जातीच्या दाखल्यावर तहसील कार्यालयाचा शिक्का पुसट आला होता, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मारून आणायचा ठरला.